ठरावापासून पाण्यापर्यंत

महालातल्या एका शाळेत गेल्या वर्षी नववी-दहावीच्या मुलांपुढे बोलण्याचा योग आला. विषय होता ‘वंश ही कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर’. कवटीची मापे, नाकाची मापे, त्यांतून काढलेले चुकीचे निष्कर्ष आणि ते निष्कर्ष पुढे विज्ञानानेच कसे खोडून काढले, असा सारा प्रवास तासाभरात सांगून झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आभारप्रदर्शन सुरू होणार तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘‘मॅडम, ते नाकाचं खोटं निघालं हे समजलं. पण त्यानं झालं काय? लोकं तर आजही आडनाव विचारूनच राहिले ना!’’

वर्गात हशा पिकला. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. नागपुरात, तेही महालासारख्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. तो मुलगा विज्ञानाबद्दल विचारत नव्हता. एखादी गोष्ट चूक आहे हे सिद्ध होणे आणि ती बंद होणे यांत जे अंतर असते, त्याबद्दल तो विचारत होता. या अंतराला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा महाराष्ट्रात घडलेला आहे.

आधी नाकाची गोष्ट सांगते, कारण गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासाला ती उपयोगी पडेल. नाकाच्या रुंदीला त्याच्या उंचीने भागून शंभराने गुणले की येतो तो नासिकानिर्देशांक. उंची ५० मिलिमीटर आणि रुंदी ३८ मिलिमीटर असेल तर निर्देशांक ७६. सत्तरच्या आत अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्यापुढे रुंद. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या अनेक जातींची अशी मापे गोळा केली होती. त्यांवरून त्यांनी एक नियमच मांडला : जातीची सामाजिक प्रतिष्ठा तिच्या सरासरी नासिकानिर्देशांकाच्या उलट प्रमाणात असते. म्हणजे नाक जितके रुंद तितकी जात खालची. जात म्हणजे वंश, आणि अस्पृश्य म्हणजे जिंकला गेलेला वेगळा वंश, असा त्याचा अर्थ.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला या मापनातल्या उणिवा लगेच दिसतात. माप घेणाऱ्याला समोरच्याची जात आधीच ठाऊक असे. एका जातीची सरासरी मांडताना त्या जातीत आतल्या आत किती फरक आहे हे फारसे विचारात घेतले जात नसे. १९३२ साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी तेच आकडे प्रांतवार तपासले, तेव्हा संयुक्त प्रांताच्या बाहेर हा नियम टिकत नाही असे दिसून आले. आणि १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हीच मापे पुढे ठेवून दाखवले की एका प्रांतातल्या ब्राह्मणाचा आणि त्याच प्रांतातल्या अस्पृश्याचा वंश वेगळा मानायला काही आधार नाही. ज्या तक्त्यांनी माणसांची उतरंड लावायची होती त्याच तक्त्यांनी ती मोडली.

दुसरी गोष्ट इरावती कर्वे यांची. १९२७ साली बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था सुरू झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला ज्यांच्या विद्वत्तेचा आधार मिळाला, तेच हे फिशर. त्यांच्या हाताखाली इरावतीबाई डॉक्टरेटसाठी काम करीत होत्या. माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात; हा असमतोल गोऱ्यांच्या कवटीत वेगळा आणि म्हणून त्यांची बुद्धी वेगळी, असा सिद्धान्त मांडता येईल अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या असमतोलाचा काही संबंध आढळत नाही असे लिहून दिले. आपल्या गुरूला नको असलेला आकडा तसाच्या तसा लिहिणे हे पंचविशीतल्या परदेशी विद्यार्थिनीला सोपे गेले नसणार. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनीही महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापे घेणे चालू ठेवले, हेही सांगायला हवे. साधन तेच होते. प्रश्न बदलला होता.

१९५० साली युनेस्कोने वंशाविषयीचे पहिले निवेदन काढले. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी भारतातल्या ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले जवळजवळ सगळे समूह एकमेकांत मिसळले आणि नंतर केव्हातरी रोटीबेटीची दारे बंद होत गेली. जनुकांमुळे जाती पडलेल्या नाहीत. जातीबाहेर लग्न न करण्याचा ठसा मात्र जनुकांवर पडला आहे. वर्गात हे सांगताना मी आवर्जून थांबते, कारण कार्यकारणाची दिशा उलटी लावण्याची चूक इथे फार सहज होते.

म्हणजे जात हा वंश नव्हे, हे विज्ञानाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण या बरोबर वाक्याचा उपयोग कसा होतो पाहा. २००१च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. तिथे जातिभेदाचा प्रश्न चर्चेला यावा, असा भारतातल्या दलित संघटनांचा आग्रह होता. जात म्हणजे वंश नव्हे, त्यामुळे हा विषय इथला नाही, अशी भारत सरकारची भूमिका होती. ज्या वाक्याने रिस्लेचा नियम मोडला, तेच वाक्य आता चर्चा नको म्हणून पुढे आले. शब्द बरोबर असले तरी ते कोणत्या कामाला जुंपले आहेत ते पाहावे लागते.

अर्पणपत्रिका आणि हौद

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांत त्यांनी वंशभेद आणि जातिभेद एका ओळीत आणून ठेवले. ही अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो. तिच्याआधी पाच वर्षे, १८६८ साली, त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता, हे मात्र ओघात निघून जाते. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. हौद आधी, अर्पणपत्रिका नंतर. पुण्यासारख्या शहरात उन्हाळ्यात स्वतःच्या घरचे पाणी सर्वांना मोकळे करणे म्हणजे शेजाऱ्यांशी रोजचे वैर पत्करणे. त्या हौदाला पत्ता होता, आणि तो फुल्यांचा स्वतःचा होता.

आता सार्वजनिक पाण्याकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय. पुढच्या महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचनाही दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला.

कागदावर काम संपले. तळ्यावर काहीच झाले नाही. १९२४ गेले, २५ गेले, २६ गेले. ठराव रद्द झाला नव्हता आणि अमलातही आला नव्हता. तो रद्द करावा अशी गरजही कोणाला वाटली नाही, कारण त्याचा कोणालाच उपद्रव नव्हता.

बोल्यांच्या हे लक्षात आले असावे. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाप्रमाणे वागणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. दोन ठरावांतला फरक शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावा. पहिल्यात काय असावे ते सांगितले आहे. दुसऱ्यात, तसे न झाल्यास कोणाच्या खिशाला चाट बसेल, ते सांगितले आहे. अर्थात कौन्सिलचा ठराव ही शिफारस होती, हुकूम नव्हे, आणि तळ्याचे पाणी त्यानेही हलले नाही.

ते हलले २० मार्च १९२७ रोजी. आदल्या दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. तिची उभारणी रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महिनोन्महिने गावोगाव हिंडून केली होती. अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य कार्यकर्ते बरोबर होते. परिषदेला जमलेल्या माणसांना प्यायला पाणी लागले, तर ते गावातल्या स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले. तळे तिथेच, ठराव तिथेच, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोक पाणी प्याले.

नंतर देवळात शिरण्याची अफवा उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि बाटलेले तळे शुद्ध करण्याचा विधी झाला. दही, दूध, गोमूत्र आणि शेण यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रित्या केल्या गेल्या. माझे काम पाण्याच्या नमुन्यांशी निगडित आहे, म्हणून इथे थोडे विषयांतर करते. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जीवाणू जितका प्राणवायू वापरतात, त्यावरून पाण्याची अशुद्धता मोजतात. नदीत स्नान करायचे तर ही मागणी दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी असे आपल्याकडचे प्रमाण आहे. निव्वळ दुधाची मागणी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा २० मार्चला तळ्याच्या पाण्यात माणसांच्या ओंजळींनी फरक पडला नसेल; शुद्धीकरणाने मात्र निश्चित पडला असेल. ‘विटाळ’ शोधून काढील असे अभिकर्मक माझ्या कपाटात नाही, कोणाच्याच नाही.

पण हा विनोद मी सांगून मुले हसली, तरी मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे समाधान होणार नाही. महाडच्या लोकांना प्राणवायूची मागणी माहीत असती म्हणून त्यांनी तळे मोकळे केले असते असे नाही. कारण पुढे जे घडले ते प्रयोगशाळेत नव्हे, न्यायालयात घडले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे साडेतीन वर्षे निरुपद्रवी म्हणून जगलेला ठराव, कोणीतरी तो खरा मानून पाणी प्याल्याबरोबर रद्द झाला! डिसेंबरात काही स्पृश्य रहिवाशांनी तळे आपल्या खासगी मालकीचे असल्याचा दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्याच महिन्यात बाबासाहेब दुसऱ्यांदा महाडला आले. मनाई मोडून तळ्यावर जायचे नाही असा निर्णय झाला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाची आठवण आपल्याला आहे. दाव्याची आठवण राहत नाही, कारण दावा कंटाळवाणा असतो. तारखा, साक्षी, जुने दस्त, तळ्याचे पाणी कुठून येते याची तपासणी. हे सारे आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे करीत राहिले. १९३१ साली खालच्या न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, मग अपील, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना पाणी न देण्याची अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाणी प्यायला आणि ते पिण्याचा हक्क निकालात यायला तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.

अनुदानाची कळ

बोल्यांचा १९२६चा ठराव मला पुन्हा आठवला तो अमेरिकेच्या शाळांबद्दल वाचताना. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल एकमताचा, भाषा खणखणीत. दहा वर्षांनी, १९६४ साली, दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले होती शंभरातली जेमतेम दोन. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला. भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही असे त्यात एक कलम होते, आणि १९६५च्या शिक्षण कायद्याने शाळांना मिळणारा केंद्राचा पैसा भरपूर वाढला. न्यायालयांनीही मुदती आवळल्या. १९७० उजाडेपर्यंत शंभरातली तीसेक मुले एकत्र शिकू लागली होती. मने दहा वर्षांत बदलली नव्हती आणि पुढच्या सहा वर्षांत एकाएकी बदलली, असे मानायला काही आधार नाही. बदलली ती जमाखर्चाची वही.

ही कळ एका भंडारी समाजाच्या मराठी पुढाऱ्याने मुंबईत ३८ वर्षे आधी ओळखली होती. तिच्यामागे दट्ट्या लावणारे सरकार त्याला मिळाले नाही.

कळ नेहमी पैशाचीच असते असेही नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची हकिगत अनेकांनी ऐकली असेल. गंगाराम कांबळे नावाच्या त्यांच्या सेवकाने मराठ्यांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामला चहाचे हॉटेल काढून दिले. आणि मग स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा प्यायला लागले. बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागे, आणि कागदावर सही हवी असलेल्यांना तिथे यावे लागे. समतेवर भाषण देण्याऐवजी त्यांनी आपल्या सहीची जागा हलवली. राजाला हे करता आले, हे खरे. पण सह्या करण्याचा अधिकार राजाशिवाय इतरांनाही असतो. मुख्याध्यापकांनाही असतो.

१९२० ते १९४२ : नागपूर

हेच शाहू महाराज मे १९२०च्या अखेरीस नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते. या परिषदेतला मुख्य वाद अस्पृश्यता वाईट की नाही असा नव्हता. कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, हा होता. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने अशी सूचना केली होती की ते कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत. एकोणतीस वर्षांच्या आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि परिषदेला आपल्या बाजूला वळवले. शिंदे हा काही तोंडदेखला सुधारक नव्हता. अस्पृश्यांच्या वस्तीत सहकुटुंब राहून काम केलेला माणूस तो. त्याच्याकडूनही ही गोष्ट सुटावी, यावरून ती किती सहज सुटते हे कळते. आपण ज्यांच्यासाठी झटतो त्यांचा आवाजही आपणच निवडावा, असे भल्या माणसाला वाटू लागते.

सहाच महिन्यांनी, डिसेंबर १९२० मध्ये, याच शहरात काँग्रेसचे प्रसिद्ध अधिवेशन झाले. असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक घालवण्याचे आवाहनही होते. त्याचे फळ अगदीच आले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडले. तेही, फुल्यांच्या हौदासारखेच, स्वतःच्या ताब्यातले होते. पण ठरावाला हात वर करणाऱ्या हजारो हातांपैकी किती हातांनी घरी जाऊन काही उघडले?

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे नाव पाठ्यपुस्तकात आढळत नाही. तरुणपणी त्या कामठी आणि नागपूरच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी बाईच्या मदतीने शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले. देशभरातल्या शिकलेल्या, पुढारलेल्या स्त्रिया आल्या होत्या. स्त्रीपुरुष समतेवर भाषणे झाली. जेवणाच्या वेळी मात्र जाईबाई आणि त्यांच्या बरोबरच्या दलित स्त्रियांना वेगळे बसवण्यात आले.

मी ही घटना उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाने घडवलेल्या जाणिवेतून वाचते, आणि दर वेळी ती जेवणाची पंगत डोळ्यांपुढे येते. पाने मांडणारे कोणीतरी असेल. ‘तुम्ही इकडे बसा’ असे हळूच म्हणणारे कोणीतरी असेल. व्यासपीठावरच्या बाईंना कदाचित पत्ताही नसेल. ठराव व्यासपीठावर होतो, आणि पंगतीची व्यवस्था दुसऱ्याच कोणाकडे असते. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. कामगार एकजुटीच्या घोषणा सर्वांच्या तोंडी, पण कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी बसवताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याला थुंकी लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागून क्षय पसरतो हा धोका खरा होता, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने सूत ओढण्यावर बंदी घातली होती. इकडे क्षयाची भीती कोणाला वाटली नाही, जातीची वाटली. १९२८च्या मोठ्या संपात, विणखाते अस्पृश्यांना उघडावे ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला.

जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी पंगतीवरून गप्प उठल्या नाहीत. त्यांनी उघड निषेध केला आणि आपल्या स्त्रियांची वेगळी संघटना बांधण्याच्या कामाला बळ आले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. तिथे कोण कुठे बसणार हे त्यांनीच ठरवले. चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, लाखोंचा समुदाय याच शहरात जमला आणि बौद्ध झाला. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची तयारी पाने मांडण्याच्या जागेपासून झाली होती, एवढेच मला इथे नोंदवायचे आहे.

आमचा वाडा चिटणीस पार्कपासून हाकेच्या अंतरावर होता. १९३३च्या नोव्हेंबरात गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू झाला, तेव्हा त्यांच्या नागपूरच्या सभेला आजोबा गेले होते. पुढे जन्मभर खादी वापरली. अस्पृश्यता हा अधर्म आहे असे ते आम्हा नातवंडांना सांगत, आणि ते मनापासून सांगत. वाड्याच्या मागे एक अरुंद गल्ली होती. जुन्या टोपलीच्या संडासांची ती गल्ली; संडास नंतर बदलले, पण सफाईला येणाऱ्या बाई शेवटपर्यंत मागच्याच दाराने येत. त्यांच्यासाठी दाराशेजारच्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी ठेवलेली असे. आजी तीत वरून चहा ओतायची. मी सातआठ वर्षांची असताना एकदा ती कपबशी घासून आतल्या फळीवर ठेवली. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी ती पुन्हा कोनाड्यात होती. आजोबा समोरच पेपर वाचत बसले होते.

त्यांना दोष देऊन मी सुटत नाही. कपबशी पुन्हा कोनाड्यात दिसल्यावर मीही ती दुसऱ्यांदा हलवली नाही, आणि त्या बाईंचे पूर्ण नाव मला आजही माहीत नाही.

टोपलीचे संडास आणि हाताने मैला उचलणे बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली. गटारात उतरून मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचे रसायनशास्त्र दहावीच्या मुलालाही समजते. त्या वायूने मेलेल्यांची आडनावे मुलांनी वाचावीत असे मला वाटते. तिथे आडनाव विचारणे योग्यच ठरेल.

त्या दिवशी शाळेतून निघताना मी मुख्याध्यापकांना सहज विचारले, पाण्याची टाकी कोण धुते, वर्ग कोण झाडते? ते म्हणाले, मुलेच करतात, आनंदाने करतात. कोणती मुले, असे विचारल्यावर ते थोडे थांबले. ‘‘बघतो,’’ म्हणाले.

दीडेक महिन्याने त्यांचे पत्र आले. त्यांनी आधीच्या दोन महिन्यांची नोंद पाहिली होती. टाकी धुणारी आणि मुतारीला पाणी घालणारी मुले बहुतेक वेळा तीच सातजण होती. कोणी तसे ठरवले नव्हते. वर्गशिक्षक हाक मारताना त्यांनाच मारत होते. आता हजेरीपटाच्या अनुक्रमाने पाळी लावली आहे, पाळीचा तक्ता कचेरीच्या दाराला लावला आहे, आणि त्यावर दर शनिवारी ते स्वतः सही करतात. पहिल्या आठवड्यात चार पालक तक्रार घेऊन आले. त्यांना चहा दिला, तक्ता दाखवला, आणि सोमवारी ज्यांच्या मुलांची पाळी होती त्यांनी ती केली. पाचव्या आठवड्यात एका पालकाने मुलाचा दाखला मागितला. तो त्यांनी दिला. त्या मुलाच्या जागी पुढच्या क्रमांकाची मुलगी आली आणि पाळी चुकली नाही, असे पत्रात लिहिले आहे.